गवंडी कुठल्या गावचा?

ऐन आषाढात मामा जिन्यावरून घसरला आणि डावं मनगट मोडून बसला. मिरजेत अडतीस वर्षं लोकांची हाडं जुळवलेला माणूस. मामी धावत आली तेव्हा हा पायरीवर बसून उजव्या हाताच्या बोटांनी डाव्या मनगटाचा बाक चाचपत होता आणि म्हणत होता, "कॉलीस आहे. टिपिकल." प्लास्टर त्याच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं घातलं. त्या बिचाऱ्यानं घालताना तीनदा बोलणी खाल्ली.

तिसऱ्या आठवड्यात मनू आली. मनू माझी धाकटी बहीण. हाडांतल्या पेशींवर संशोधन करते. उंदरांच्या हाडांतल्या म्हटलं तर जास्त खरं. ती आणि मामा समोरासमोर आले की घरातले बाकीचे हळूच उठून जातात. मी बसून राहतो. मला दोघांचंही अर्धंच कळतं, पण भांडण चांगलं असतं.

"काय चाललंय सध्या?" मामानं विचारलं.

"हाड कोण तयार करतं, ते शोधतोय."

"अरे वा! मला वाटलं ते १८६४ सालीच ठरलं. गेगेनबाउरनं नाव देऊन ठेवलंय की."

नाव ऑस्टिओब्लास्ट, मराठीत अस्थिजनक पेशी. मामाची पिढी त्या शिकली ती अशी: हाडाच्या पृष्ठभागावर रांगेनं बसलेल्या ठोकळेबाज पेशी. त्या कोलॅजनचं जाळं विणतात, त्या जाळ्यात कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक भरत जातात आणि हाड होतं. काम संपलं की बऱ्याच मरतात, काही पृष्ठभागावर चपट्या होऊन पडून राहतात, आणि काही स्वतःच बांधलेल्या भिंतीत गाडल्या जातात. गाडलेल्यांची संख्या एवढी की मोठ्या माणसाच्या हाडातल्या दर दहा पेशींपैकी नऊ त्याच. त्यांच्यासमोर हाड कुरतडणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट, त्या रक्ताच्या कुळातल्या. मामा वर्गात शिकवायचा: एक पोकलेन, एक गवंडी.

"गवंडी बरोबर आहे," मनू म्हणाली. "पण गवंडी हा धंदा झाला, मामा. त्यावरून गाव कुठं कळतं?"

"गाव कशाला पाहिजे? भिंत उभी राहिली की बास."

एवढ्यावर थांबले असते तर हा लेख झालाच नसता. पण मामा निवृत्त झाल्यापासून वाचतो, आणि वाचलेलं राखून ठेवतो, पत्त्यांच्या डावात हुकूम राखावा तसं.

"१९९७ साल," त्यानं पहिलं पान टाकलं. "रंक्स-टू. उंदरातून तो एक जीन काढला. काय झालं?"

"सगळा सांगाडा कूर्चेचा. हाडाचा कणही नाही. जन्मल्यावर लगेच मेले."

"कवटी?"

"नाही."

"मणका? मांडी? बरगड्या?"

"नाही, नाही, नाही."

"एक जीन गेला आणि डोक्यापासून पायापर्यंत एकही गवंडी उरला नाही. आणि तू मला सांगतेस गवंडी वेगवेगळे?"

मला वाटलं संपलं. मनू मात्र खूश दिसली. "आता अर्धा काढ," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"त्या जीनच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली माणसं आहेत. तू पाहिली असशील."

मामानं पाहिली होती. त्याच्या ओपीडीत एक मुलगा आला होता, दोन्ही खांदे पुढे आणून छातीसमोर जवळजवळ एकमेकांना टेकवायचा. कॉलर बोनच नीट झालेली नव्हती. आठ वर्षांचा असून डोक्यावरची टाळू अजून मऊ होती. दातांचा तर बाजारच. "क्लायडोक्रेनियल," मामा म्हणाला.

"त्याच्या मांडीचं हाड कसं होतं?"

मामा गप्प.

"सरळसोट असणार. चालत आला ना तो? गवंडी सगळीकडे एकच असता, तर अर्ध्या मालात सगळीच हाडं सारखी दुबळी व्हायला हवी होती. कॉलर बोन आणि टाळूवरच एवढा राग का? परवाना एकच आहे मामा, तो नसला तर कुणालाच कामाला हात लावता येत नाही. पण परवाना काढायला आलेली माणसं वेगवेगळ्या गावांहून आलेली असतात."

मामानं प्लास्टरमधल्या बोटांची हालचाल केली. तो ती दर तासाला करतो आणि आपल्यालाही करायला लावेल अशी भीती वाटते. "पुढं बोल," तो म्हणाला.

*

गावांबद्दल थोडं मीच सांगतो, कारण मनूनं ते कागदावर चित्र काढून मला तिसऱ्यांदा समजावलं. हाड दोन वाटांनी होतं. हातापायांची लांब हाडं आधी कूर्चेची होतात, मग ती कूर्चा हटत जाते आणि तिच्या जागी हाड येतं. कवटीच्या वरच्या भागात मात्र कूर्चेचा टप्पाच नाही. मऊ पडद्यातच हाड पिकतं. शिवाय मूळही निराळं. चेहऱ्याची हाडं आणि कपाळाचं हाड ज्या पेशींतून येतात त्या गर्भात मज्जासंस्थेच्या कडेवरून उतरलेल्या असतात, त्याच थरातून चेतापेशीही होतात. हातपाय आणि मणके मधल्या थरातले. म्हणजे कपाळावर हात मारला तर दोन निराळ्या कुळांची हाडं एकमेकांना भेटतात.

"हे आम्हीही शिकलो," मामा म्हणाला. "पण पोहोचल्यावर सगळे सारखेच. आपल्या मिरजेतच बघ. शिकलगार तलवारींना धार लावत होते. तलवारी गेल्या, तंबोरे करू लागले. आज पिढ्यान्पिढ्या सतारमेकर. आता कुणी जव्हारीचा कारागीर बघून म्हणेल का, याच्या हातात तलवारीची धार आहे?"

"मी म्हणेन," मनू म्हणाली. "धातूवर हात बसलेला होता म्हणून तर तारेकडे आले. शेतकरी का नाही आले?"

हे मला पटलं नाही. तंबोऱ्याचं अर्धं काम भोपळ्याचं आणि लाकडाचं असतं. पण मामाला उत्तर सुचलं नाही, आणि तिनं लगेच प्रयोग पुढे केला. २००८ साली स्टॅनफर्डच्या एका गटानं उंदराच्या जबड्याच्या हाडावरच्या पेशी काढून पायाच्या हाडाला पाडलेल्या भोकात ठेवल्या, आणि पायाच्या पेशी जबड्याच्या भोकात. शरीरात कोणता अवयव कुठे, याचा पत्ता पेशींना हॉक्स नावाच्या जीनांनी दिलेला असतो. जबड्याच्या पेशींवर असा पत्ताच नसतो, पायाच्यांवर असतो. पायात गेलेल्या जबड्याच्या पेशींनी तिथला पत्ता उचलला आणि मुकाट्यानं हाड केलं. जबड्यात गेलेल्या पायाच्या पेशींनी आपला जुना पत्ता सोडला नाही, आणि हाडाऐवजी कूर्चा करत बसल्या.

"एक माणूस कुठंही रुळतो," मनू म्हणाली, "दुसरा मुंबईत तीस वर्षं राहूनही घरी फोन करून विचारतो, पाऊस झाला का."

इथं मामानं राखलेला दुसरा हुकूम काढला, आणि हा उंदराचा नव्हता. तंबाखू, गुटखा, मावा, आणि मग तोंडाचा कर्करोग. जबड्याचा तुकडा काढावा लागतो. त्या जागी काय बसवतात? पोटरीतलं बारीक हाड, फिब्युला. रक्तवाहिन्यांसकट काढायचं, कापून जबड्याच्या आकारात वळवायचं, प्लेटा मारायच्या, मानेतल्या वाहिन्यांना टाका घालून जोडायचं. १९८९ सालापासून जगभर होतं. आपल्याकडे किती होतात, हे कुठल्याही कॅन्सर हॉस्पिटलच्या प्लास्टिक सर्जनला विचार. "पायाचं हाड तोंडात वर्षानुवर्षं राहतं. कापलेल्या जागा जुळतात. त्यावर दात बसवतात, पेशंट भाकरी खातो. कुठं गेला तुझा हॉक्स?"

मनू बराच वेळ बोलली नाही. मला तिचं हे आवडतं. "हो," ती शेवटी म्हणाली. "तो प्रयोग सुट्या पेशींचा होता. तू अख्खं हाड, त्याच्या आवरणासकट, रक्तासकट नेतोयस. शेजारीपाजारी, पाणवठा, सगळं गावच उचलून नेल्यासारखं. आमचा उंदीर त्याला उत्तर देत नाही."

"मग बोल की, हरले म्हणून."

"अर्धी."

*

दुसऱ्या दिवशी पाऊस इतका होता की लाइट गेली. मामी कंदील घेऊन आली आणि मामाला इतिहास सुचला.

१७३६ साली लंडनमध्ये जॉन बेल्चर नावाचा सर्जन एका कापड रंगवणाऱ्याच्या घरी जेवायला गेला. पानात डुकराचं मांस होतं आणि त्याची हाडं लाल होती. यजमानाच्या कारखान्यात मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा रंग वापरत. रंगाच्या पिंपातला उरलेला कोंडा डुकरं खात. रंग नव्या बसलेल्या हाडात उतरत होता. फ्रान्समध्ये द्युहामेलनं ते उचललं. तो झाडांचा अभ्यासक. त्यानं प्राण्यांना थोडे दिवस लाल, थोडे दिवस साधं असं खायला घालून हाडात वर्तुळं पाहिली, हाडाभोवती चांदीच्या तारेची कडी घातली. कालांतरानं ती कडी हाडाच्या आत पोचलेली सापडली. म्हणजे हाड बाहेरून वाढतं, झाड सालीखालून वाढतं तसं. साल म्हणजे हाडावरचं आवरण, पेरिऑस्टियम.

"मग दीडशे वर्षं मारामारी," मामा रंगात आला होता. "लिऑंचा ऑलिए म्हणाला आवरणच हाड करतं. ग्लासगोचा मॅक्युएन म्हणाला, आवरण म्हणजे नुसती पिशवी; हाड करतात त्या आतल्या पेशी. नुसतं बोलला नाही. एका पोराचं दंडाचं हाड पू होऊन गेलेलं होतं. याच्या थिएटरमध्ये दुसऱ्या पोरांचे वाकडे पाय सरळ करताना हाडाच्या पाचरी निघायच्या. त्यांचे तुकडे, आवरणाची पर्वा न करता, दंडात रोवले. हात आला! मी कंबरेच्या हाडातून ग्राफ्ट काढताना दर वेळी त्याला नमस्कार करायचो."

"आम्ही अजून तेच करतोय," मनू म्हणाली. "रंगसुद्धा लालच आहे. फक्त मंजिष्ठेच्या जागी एका समुद्री जिवातून घेतलेलं, चमकणारं लाल प्रथिन. पण फरक काय माहितीये? बेल्चरला भिंतीचा नवा थर लाल दिसत होता. आम्ही गवंड्यालाच लाल करतो. एकदा लाल झाला की त्याची पोरंबाळं, नातवंडं सगळी लाल. मग सहा महिन्यांनी बघायचं, लाल वंश कुठंकुठं पसरलाय."

मला वाटतं या सगळ्या भांडणात हीच गोष्ट मला खरी नवी होती. आजवर हाड कुठं वाढतं ते दिसत होतं. कुणाच्या वंशानं वाढवलं ते आता दिसतं. आणि दिसलं ते असं. २०१४ मध्ये कळलं की वाढत्या हाडातल्या ज्या फुगलेल्या कूर्चापेशी मरतात असं पुस्तकात होतं, त्यांतल्या काही मरत नाहीत, धंदा बदलून अस्थिजनक होतात. मज्जेतल्या रक्तवाहिन्यांना लपेटून बसलेल्या पेशींतून मोठेपणी हाडही येतं आणि चरबीही. वाढत्या उंदरांच्या ग्रोथ प्लेटमध्ये, शांत भासणाऱ्या थरात आणखी एक साठा. आणि २०१८ साली न्यूयॉर्कच्या एका गटानं उंदरांच्या हाडावरच्या आवरणात निराळी मूलपेशी दाखवली.

"ऑलिए जिंकला म्हण," मामा म्हणाला.

"थांब ना. ही पेशी एरवी सरळ हाड करते, कूर्चेची वाट घेत नाही. पण हाड मोडलं, की तीच पेशी कूर्चेची वाट शिकते."

मामा ताठ बसला. "हे बघ, हेच मी अडतीस वर्षं पाहिलंय. मांडीचं हाड प्लास्टरमध्ये किंवा ट्रॅक्शनवर ठेवलं, थोडं हलत राहिलं, की एक्स-रेत कॉलसचा केवढा गोळा. आधी कूर्चा, मग हाड. तेच हाड प्लेट मारून घट्ट आवळलं, की कॉलस नाही, सरळ हाडाला हाड. पेशंट तोच, हाड तेच, पेशी त्याच. बदललं काय? हलणं. परिस्थिती, मने! परिस्थिती गवंड्याला सांगते विटा लाव की काँक्रीट ओत."

"आणि तुझ्या मनगटात किती कॉलस आलाय?"

"मनगटाजवळ कॉलस फारसा दिसतच नाही, जाळीदार हाड ते, ते आतल्या आत—" मामा थांबला.

"आतल्या आत. मज्जेकडून. बाहेरच्या आवरणाची मदत न घेता. प्लास्टर तेच, तरी मांडी वेगळी आणि मनगट वेगळं."

कंदिलाच्या उजेडात दोघंही स्वतःशीच हसत होते. मला जे दिसत होतं ते त्यांना कबूल करायचं नव्हतं: एकाच पेशीबद्दल दोघंही बरोबर होते. ती परिस्थिती ओळखून वाट बदलते, हे मामाचं. पण वाट बदलण्याची ती मुभा प्रत्येक पेशीला नसते, हे मनूचं.

*

टाळूची गोष्ट मामीमुळे निघाली. शेजारच्या सुनेचं बाळ तीन महिन्यांचं. त्याची पणजी रोज टाळू भरते. तळहातावर तेल घेऊन डोक्याच्या मऊ जागेवर थापते. तेलानं टाळू भरते अशी समजूत. मामा त्यावर नेहमी वैतागतो.

"तेलाचा संबंध नाही, पण लक्ष देण्यासारखी जागा आहे ती," मनू म्हणाली. "कवटीच्या हाडांमधल्या शिवणी उघड्या राहतात म्हणून मेंदू वाढू शकतो. एखादी शिवण लवकर मिटली तर डोकं वेडंवाकडं होतं, ऑपरेशन लागतं. २०२३ साली दिसलं की उंदरांच्या त्या शिवणीत मूलपेशींची दोन निराळी कुळं आहेत. एक नेहमीचं हाड करतं आणि शिवण उघडी ठेवायला मदत करतं. त्या कुळात माणसात सापडतो तसाच जीनचा दोष घातला, की ते कमी होतं, आणि दुसरं कुळ, ज्यात दोष घातलेलाच नाही, ते वाढतं. तेच कूर्चेच्या वाटेनं हाड करून शिवण बुजवतं. दोष एकाचा, भिंत बांधली शेजाऱ्यानं. आता सांग, 'ऑस्टिओब्लास्ट' एवढ्या एका शब्दात हा गुन्हा नोंदवता येईल?"

मामानं नुसतं "हं" केलं. सर्जनचं "हं" म्हणजे काय ते त्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल.

त्याला जास्त हलवलं ते मणक्यानं. स्तनाच्या कर्करोगाच्या बायका. पाठदुखी म्हणून येतात, एक्स-रेत मणका खचलेला. मामानं अशा किती पाहिल्या, तो आकडा सांगत नाही. कर्करोग हातापायांच्या हाडांपेक्षा मणक्यात जास्त का जातो, याचं उत्तर तो १९४० सालच्या बॅटसनचं देत आला: मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात झडपा नसतात, रक्त उलटंही वाहतं, गाठीच्या पेशी तिथं पोचतात.

"ते चूक नाही," मनू म्हणाली. "पण पुरेसंही नाही. त्याच न्यूयॉर्कच्या गटानं उंदरांत दाखवलं, आणि माणसात तशाच पेशी पाहिल्या: मणक्याचं हाड करणाऱ्या मूलपेशीच हातापायांच्यापेक्षा वेगळ्या. त्या एक प्रथिन सोडतात, आणि कर्करोगाच्या पेशी त्याकडे ओढल्या जातात. ते प्रथिन काढलं तर मणक्याकडचा ओढा कमी होतो."

"म्हणजे रस्ता बॅटसनचा, आणि बोलावणं गवंड्याचं."

"तू म्हणालास. मी नाही."

*

आता मामाच्या बाजूनं. कारण मनू निघून गेल्यावर मी त्याच्याजवळ बसलो तेव्हा तो जे बोलला ते मला टाळता येत नाही, आणि त्यातलं बरंच त्यानं तिच्या तोंडावरही म्हटलं.

त्याचा पहिला आक्षेप नावांचा. मॉस्कोच्या फ्रीडेनश्टाइननं १९६०-७० च्या दशकांत मज्जेतून बशीत वाढणाऱ्या, पुन्हा शरीरात ठेवल्या तर हाड करणाऱ्या पेशी दाखवल्या. जपून बोलणारा माणूस होता. १९९१ मध्ये अमेरिकेत कॅप्लन यांनी त्यांना 'मेसेन्कायमल स्टेम सेल' म्हटलं आणि नाव असं चाललं की बस्स. २०१७ साली त्याच कॅप्लन यांनी लिहिलं की आता हे नाव बदला. "बारसं करणारी आत्याच म्हणते, नाव चुकलं," मामा म्हणाला. "आणि मधल्या काळात दुकानं उघडली गेली. गुडघ्यात मूलपेशी टोचा, नवा गुडघा मिळवा. पन्नाशीची बाई मंगळसूत्र गहाण ठेवून आली होती माझ्याकडे, आधी दुसरीकडे तीन इंजेक्शनं घेऊन. गुडघा तसाच." २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत रक्ताच्या आजारांसाठीचं मूलपेशी रोपण सोडून बाकी असल्या उपचारांना मान्यताप्राप्त उपचार म्हणता येत नाही असं स्वच्छ लिहिलेलं होतं. जाहिरात करणाऱ्यांनी ते वाचलेलं नसावं.

मनूनं यावर वाद घातला नाही. उलट म्हणाली, "म्हणूनच तर नीट वेगळं काढायचं. 'मूलपेशी' म्हणून बाटलीत काय आहे ते कुणाला माहीत नसतं, म्हणून ती विकता येते."

दुसरा आक्षेप जनगणनेचा. हल्ली हजारो पेशी सुट्या करून प्रत्येकीत कोणकोणते जीन चालू आहेत ते वाचतात, आणि संगणक त्यांचे गट पाडतो. गटागटाला नाव. "गट पाडणारा ठरवतो किती पाडायचे," मामा म्हणाला. "सात म्हटलं तर सात, सतरा म्हटलं तर सतरा."

"त्याहून वाईट आहे," मनू म्हणाली, आणि इथं ती मला मामापेक्षा कडक वाटली. "हाडातून पेशी सुट्या करायला एन्झाइममध्ये भिजवावं लागतं. मज्जेतल्या मऊ पेशी पटापट सुटतात. भिंतीत गाडलेल्या निघता निघत नाहीत. म्हणजे दहातल्या नऊ राहतात त्या घराचं दार आम्ही नीट ठोठावतच नाही, आणि आकडे छापतो."

तिसरा आक्षेप कामांचा. हाडाच्या पेशी नुसती भिंत बांधत नाहीत, शरीरभर कारभार करतात, हे अलीकडे फार ऐकू येतं. मामा यातलं एक मानतो: भिंतीत गाडलेल्या पेशी एक संप्रेरक सोडतात, जे मूत्रपिंडाला फॉस्फेट टाकून द्यायला सांगतं. ते जास्त झालं तर ड जीवनसत्त्व कितीही द्या, मुडदूस हटत नाही. अशी वाकड्या पायांची पोरं त्यानं वर्षानुवर्षं पाहिली, कारण न कळता. २०१८ पासून त्या संप्रेरकाला अडवणारं औषध आहे. "हे दिसतं, मोजता येतं, पोराचा पाय सुधारतो. मान्य." पण ऑस्टिओकॅल्सिन? २००७ साली न्यूयॉर्कहून आलं की अस्थिजनक पेशींतलं हे प्रथिन रक्तातली साखर सांभाळतं. जगभर गाजलं. २०२० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी ते प्रथिन नसलेले उंदीर केले. साखर ठीक, प्रजनन ठीक. "एवढी तेरा वर्षं टाळ्या वाजवल्या त्याचं काय?"

मनू म्हणाली, "भांडण चालू आहे." आणि मग, जरा खालच्या आवाजात: "पण मीही त्या टाळ्यांत होते."

*

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी यांच्या गटानं इंटरल्युकिन-३ या एका रेणूवर बरीच वर्षं काम केलं: तो कुरतडणाऱ्या पेशी घडू देत नाही, आणि माणसाच्या मज्जेतल्या पेशींना हाड करण्याकडे वळवतो. मामाला हे आवडतं. पोकलेन आणि गवंडी एकाच मुकादमाच्या हाताखाली. मी विचारलं, मग म्हातारपणी मुकादम कुठं जातो? मला खरं तर मामाच्या मनगटाबद्दल विचारायचं होतं.

मनूनं २०२१ चं काम सांगितलं, पुन्हा स्टॅनफर्डचं. म्हाताऱ्या उंदरांच्या हाडातल्या मूलपेशी नुसत्या थकलेल्या नसतात. त्या हाड कमी करतात आणि कुरतडणाऱ्यांना बोलावणारे संकेत जास्त सोडतात. तरुण उंदराचं रक्त देऊनही त्या सुधारल्या नाहीत. पण मोडलेल्या जागी हाड करायला लावणारं एक प्रथिन आणि तो संकेत अडवणारं दुसरं औषध असं एकत्र दिलं, तेव्हा म्हाताऱ्यांचं हाडही चांगलं जुळलं.

"म्हणजे या वयात माझाच गवंडी पोकलेनला फोन करतो," मामा म्हणाला.

"तुझं अगदी तसंच असेल असं नाही. उंदीर आहे तो."

"आता उंदीर होय?" मामा म्हणाला आणि सगळे हसले, मामीसकट.

मग तो उठला, खिडकीपाशी गेला. पाठमोराच म्हणाला, "तुम्हाला माणसाच्या पेशी कुठून मिळतात?"

"खुब्याचं हाड बदलतात ना, तेव्हा काढलेला गोळा. फेमोरल हेड. २०१८ साली माणसाची हाडाची मूलपेशी वेगळी काढली, त्यातही तेच वापरलं होतं."

मामा काही बोलला नाही. तो खुबे बदलत होता तेव्हा ते गोळे कुठं जात, ते मला माहीत आहे. लहानपणी मी एकदा ती बादली पाहिली होती आणि दोन दिवस जेवलो नव्हतो.

"किती टाकले," तो म्हणाला.

प्लास्टर घालणाऱ्या त्या विद्यार्थ्याला त्यानं तिथूनच फोन लावला. गुरुवारी लिस्टवर खुबा आहे का? आहे. मनूनं खुणेनं नाही म्हटलं: असं फोनवर होत नाही, एथिक्स कमिटी लागते, पेशंटची सही लागते, कुठल्या कामासाठी ते पेशंटला समजेल अशा मराठीत लिहून द्यावं लागतं. मामा वैतागला, मग म्हणाला, बरोबर आहे, आण कागद.

तिनं लॅपटॉपवरून फॉर्म काढला, मी कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रिंट आणली. मामानं चष्मा चढवला, प्लास्टरच्या हातानं कागद दाबून धरला आणि उजव्यानं भरायला घेतला. वय, बाजू, ऑपरेशनचं कारण. 'नमुन्याची जागा' असा एक रकाना होता आणि त्याखाली एकच रेघ. तिथं तो थांबला. मग त्या रेघेवर त्यानं खुब्याच्या गोळ्याचं छोटं चित्र काढलं, पेनानं त्याचे चार भाग केले, आणि प्रत्येक भागासमोर वेगळ्या डबीचा क्रमांक लिहिला.